कोर्सीचे पाय

हेशमत उस्तानं भांड्यावरचं झाकण उचललं तेव्हा त्याच्या एका हातात चमचा तयार होता, काखेत कात्री होती, ओठांत टाचण्यांची रांग होती आणि डोक्यात मोईनी मास्तरांच्या कोटाची बाही होती. भांड्यात गरम आश असणार, शेवया-कडधान्यांचं, दाट, वर तळलेला कांदा नि पुदिना, हे त्यानं झाकणाला हात लावायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. एवढंच नव्हे, तर मनातल्या मनात निम्मं खाऊन तो पुन्हा बाहीकडे वळलाही होता. आत बर्फ निघाला. ताजा, पांढरा, वरून तळहातानं दाबून गुळगुळीत केलेला, आणि मधोमध थट्टा म्हणून खोचलेली एक मनुका. चमचा बर्फात अर्धा रुतला, करकरला, आणि ती करकर त्याच्या दाढेतून शिरून मणक्यातून खाली उतरली. तोंडात टाचण्या होत्या म्हणून त्यानं शिवी दिली नाही. हमदानमधल्या शिंप्यांची वाणी गोड असते म्हणतात, ती याच कारणानं.

पहिल्या बर्फाच्या दिवशी कोणाच्याही हातून झाकलेलं काही घेऊ नये, हे हमदानमध्ये पोराला दात यायच्या आत कळतं. घेतलं, आणि आणणारा निसटला, की तुम्ही हरलात. मग ज्यानं बर्फ पाठवला त्याला घरी बोलवायचं, शेगडीवरच्या कोर्सीभोवती दुलईत बसवायचं आणि ढेकर येईपर्यंत जेवू घालायचं. आणणारा उंबरठ्याच्या आत सापडला तर सगळं उलटं, त्याच्या तोंडाला काजळी आणि पाठवणाऱ्याच्या गळ्यात जेवण. त्यामुळे त्या दिवशी शहाणी माणसं वैद्याकडून औषधाची पुडीसुद्धा घेत नाहीत. एका काझीनं म्हणे पहिल्या बर्फात आपलं नुकतं जन्मलेलं पोर सुईणीच्या हातून घ्यायला नकार दिला होता, दुपट्यात झाकलेलं होतं म्हणून. वसंत येईपर्यंत ते सुईणीकडेच राहिलं आणि पुढे जन्मभर तिलाच आई म्हणालं. बर्फ घेऊन जायला लोक पळण्यात पटाईत असा माणूस निवडतात. हेशमतला तो आणून दिला होता मुनव्वर खालेनं. ही त्याच्या आईची थोरली बहीण. तिला वय विचारलं की ती अलवंद डोंगराकडे बोट करून म्हणायची, "त्याला विचार. माझ्याहून थोडा धाकटा आहे, पण त्याची आठवण बरी आहे." आणि ती चालायची अशी, की सकाळी तिला ओलांडून गेलेलं गाढव ओझं टाकून परत येताना त्याच खांबापाशी तिला भेटायचं.

तो तसाच, चमच्यासकट, बाहेर धावला. बर्फ पडतच होता, पण घाई न करता, एखादा पाहुणा जोडे काढता काढता गप्पा मारत उभा राहावा तसा. दुकानाच्या दारातून काठीची भोकं आणि लहान लहान पावलं रस्ता ओलांडून गेली होती आणि समोरच्या बीटवाल्याच्या गाडीशी संपली होती. तिथे मुनव्वर खाला उकडलेलं लाल बीट फुंकून फुंकून खात होती. तिचे ओठ नवरीसारखे रंगले होते.

"खाला! थांब!"

"थांबलेलीच आहे की. मी काय पळतेय होय?"

"हे तू आणलंस?"

"नाहीतर काय अलवंदवरून घरंगळत आलं? मीच. तुझ्या टेबलापासून दारापर्यंत जाताना मधे भिंतीला टेकून दमसुद्धा खाल्ला मी. खोकले. दोनदा. म्हटलं, पोरगं आता तरी वर बघेल. तू काही मान वर केली नाहीस बाबा."

"कामात होतो."

"ते दिसलं. डावी बाही कापत होतास."

"मग?"

"मी आत आले तेव्हाही डावीच कापत होतास."

बीटवाला खोकल्याच्या आडून हसला. हेशमतनं हातातला चमचा खिशात घातला. "पाठवलं कोणी?" त्यानं विचारलं, पण विचारतानाच त्याला कळलं होतं. खालेनं उत्तर देण्याआधी बीटाचा तुकडा तोंडात इकडून तिकडे फिरवला.

"भांडं ओळखलं नाहीस? शुक्रवारी दुपारी येतो म्हणाला तो. मीही येणार. मटण मऊ शिजवायला सांग, मला एकच दात आहे आणि तोही शोभेचा. आणि हे बघ, कोर्सी हवी. तुझ्या त्या घासलेटच्या स्टोव्हच्या डबड्यासमोर बसून मी बर्फाचं जेवण जेवणार नाही. भूत उठून जेवायला बसलंय असं वाटतं."

तो दुकानात परतला. तांब्याचं, कल्हई केलेलं, एका बाजूला पोचा पडलेलं ते भांडं टेबलावर होतं आणि त्यातला बर्फ कडेनं वितळायला लागला होता. पोचा त्यानंच पाडला होता, लहानपणी, थोरल्या भावाच्या, कुद्रतच्या डोक्यावर. कुद्रतच्या डोक्याला काही झालं नव्हतं. बाबा तेव्हा म्हणाले होते, "भांड्याची चूक आहे, एवढ्या टणक वस्तूच्या वाटेला जाऊ नये." वाटणीत ते भांडं कुद्रतकडे गेलं, आणि बाबांची मोठी दुलई, कारण बाबांचा दुलया शिवायचा धंदा पुढे कुद्रतनंच चालवला. हेशमतकडे आली कोर्सी. दोन भावांनी हिवाळा असा मधोमध फाडून घेतला, दुलई एकाकडे, कोर्सी एकाकडे, आणि दोघेही आपापल्या अर्ध्या हिवाळ्यात काकडत राहिले. आता हेशमतचे दोन्ही तळवे त्या कोर्सीवरच टेकले होते. शिक्षकाच्या कोटाचं काळं कापड, खडूच्या रेघा, मोजपट्टी, कापलेल्या दोन डाव्या बाह्या, सगळं तिच्यावर होतं. कारण त्यानं तिला टेबल करून टाकलं होतं.

तसं म्हटलं तर कोर्सी म्हणजे असतं काय? गुडघ्याएवढ्या उंचीची लाकडी चौकट, चार आखूड पाय, खाली राखेत पुरलेल्या निखाऱ्यांची शेगडी, वरून खोलीभर पसरणारी दुलई आणि चारी बाजूंनी तिच्यात पाय घालून बसलेली माणसं. थोरला चिल्ला लागला, म्हणजे थंडीचे पहिले चाळीस दिवस सुरू झाले, की सगळं शहर अशा चौकटींभोवती बसायचं, आणि पुढच्या वीस दिवसांचा धाकटा चिल्ला सरेपर्यंत फारसं उठायचं नाही. अक्रोड फोडायचे, डाळिंबं सोलायची, थापा मारायच्या, पेंगायचं, पेंगून उठल्यावर आपण झोपलोच नव्हतो म्हणून भांडायचं. हेशमतला आठवायचे ते पाय. वर माणसांचे चेहरे असायचे, सभ्य, डाळिंब सोलणारे. खाली दुलईच्या अंधारात पायांचं एक वेगळंच गाव नांदायचं. आईचे पाय मोज्यांतले, मऊ. कुद्रतच्या टाचा बर्फाच्या, त्या तो मुद्दाम हेशमतच्या पोटऱ्यांना लावायचा. आणि बाबांचे पाय, भेगाळलेले, रुंद, वीटभट्टीतून आत्ताच काढल्यासारखे गरम. थंडी वाजली की लहान हेशमत अंधारात चाचपत त्या पायांवर आपले पाय ठेवायचा, आणि वर बाबा अगदी निर्विकार चेहऱ्यानं सांगत असायचे, की त्यांच्या लहानपणी एकदा मिनारावर बसलेला कावळा उडून गेला पण त्याची सावली भिंतीला गोठून राहिली. वसंतात ती सुटली तेव्हा कावळा म्हातारा झाला होता आणि सावली तशीच तरुण. दोघांचं काही जमेना.

मग एका हिवाळ्यात बाबा दुपारी येऊन कोर्सीशी बसले, पाय आत घातले, म्हणाले, "जरा डोळे मिटतो," आणि उठलेच नाहीत. हेशमत त्यांच्या समोरच्या बाजूला होता. त्याचे पाय त्यांच्या पायांवर होते. वर माणसांची धावपळ सुरू झाली तरी खाली बराच वेळ ते पाय गरमच होते, शेगडीमुळे, आणि त्यामुळे बाबा नुसते झोपलेत हे मोठ्यांना कळलेलं नाही, अशी त्याची खात्री होती. या गोष्टीबद्दल तो कोणाशी बोलला नव्हता. ती शब्दांत नव्हतीच मुळी. ती होती त्याच्या गुडघ्यांत. मोठेपणी दुपारी कुठे बसायची वेळ आली की त्याचे गुडघे आधीच ताठ व्हायचे. दिवसा डोळे मिटायचे नाहीत, असा नियम त्यानं कधी केला नव्हता, पण तो पाळत मात्र होता. त्यातून तो शहरातला सगळ्यात झपाट्याचा शिंपी झाला. लोक म्हणायचे, हेशमत उस्ताकडे माप द्यायला आत जावं आणि बाहेर पडताना कोट घालूनच पडावं. मग घासलेटचे स्टोव्ह आले आणि त्याला आनंद झाला. कोर्सी ही आळसाची आई, असं तो चारचौघांत म्हणू लागला, आणि सुताराला बोलावून त्यानं बाबांच्या कोर्सीच्या आखूड पायांना लोखंडी पट्ट्यांनी लांब पाय जोडून घेतले. कमरेएवढं उत्तम टेबल झालं. कापायला सोयीचं. पहिल्या दिवशी कुद्रत सहज दुकानात आला होता. त्यानं टेबलाच्या कडेवर हात ठेवला, खालच्या पट्ट्या पाहिल्या, आणि म्हणाला, "बाबांना उभं केलंस की रे तू." त्यानंतर तो आला नाही. हेशमतनंही बोलावलं नाही, त्याला वेळच कुठे होता? तीन-चार हिवाळे गेले. एकाच शहरात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून भावाला न भेटण्यात केवढे कष्ट पडतात, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

त्या संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको तूबा समोवारची तोटी बंद करायची विसरून हसत सुटली. चहा बशीतून गालिच्यावर गेला.

"अहो उस्ता, पहिल्या बर्फात? झाकलेलं भांडं? तुम्ही?"

"हसायचं काय त्यात?"

"आणि मुनव्वर खालेनं? निसटली? अहो, ती हमामला जायला बुधवारी निघते तेव्हा कुठे शुक्रवारी पोचते. तिला पकडायला पळावं लागत नाही, नुसतं वळावं लागतं."

"वळलो नाही. झालं?"

तूबानं डोळे पुसले. मग तिनं त्याचा उजवा हात घेतला आणि अंगठा चिमटीत दाबला. "लागतंय?" तो म्हणाला, हो. तिनं आणखी जोरात दाबला. "आता?" तो म्हणाला, हो म्हटलं ना. तेव्हा तिनं हात उचलून दाखवला. अंगठ्यात तिनं सुई अर्धी टोचलेली होती, आणि त्याला पत्ता नव्हता. पानगळीपासून तो अंगठा बधिर होता, हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. सांगायला लागतंय कशाला? एकाच घरात राहणाऱ्या माणसाचा अंगठा त्याचा एकट्याचा थोडाच असतो.

"नवरोजचे, नव्या वर्षाचे कपडे आहेत डोक्यावर," तो म्हणाला. "टेबल मोडून कोर्सी केली तर कापू कशावर? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, उस्ताच्या कोटाच्या बाह्या दोन्ही डाव्या. आत्ताच म्हणतायत. बीटवाला सांगत सुटलाय." तिनं सुई काढून पदरात खोचली. "न देऊनही चालेल म्हणा जेवण. हमदानमध्ये आजवर कोणी बर्फाचं देणं बुडवलेलं नाही, पण कोणीतरी पहिला असतोच."

या वाक्यावर तो बराच वेळ पडून राहिला, आढ्याकडे बघत. जेवणाचं काहीच वाटत नव्हतं त्याला. वाटत होतं ते एवढंच, की त्या चौकटीत पुन्हा पाय घालायचे, दुपारी, आणि समोर भाऊ असणार. डोळे मिटले तर? नाही मिटले तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोईनी मास्तर कोटाचं विचारायला आले तेव्हा उस्ता टेबलाखाली आडवा झोपून पट्ट्यांचे स्क्रू काढत होता. इतकी वर्षं तो या लाकडाच्या वरच्या बाजूला राबला होता. खालची बाजू त्यानं पाहिलीच नव्हती. ती काळीभोर होती, कितीतरी हिवाळ्यांच्या धगीनं चकाकती, आणि नाक जवळ नेलं की अजून राखेचा, डाळिंबाच्या साली जाळल्याचा वास येत होता. एका कोपऱ्यात खिळ्यानं कोरलेलं काहीतरी होतं, वाकडंतिकडं: पायाचा पंजा, सहा बोटांचा. कुद्रतची चित्रकला. त्याला मोजता येत असे, पण थांबता येत नसे. हेशमत जमिनीवर पडल्या पडल्या हसला, आणि ते हसू लाकडाला आपटून तोंडावर परत आलं.

"उस्ता?" मास्तर वाकून म्हणाले. "बरे आहात ना? माझा कोट?"

"मास्तर, तुमचे दोन्ही हात डावे आहेत का?"

मास्तरांनी हात वर करून नीट पाहिले. ते गणित शिकवायचे, खात्री केल्याशिवाय बोलायचे नाहीत. "नाही."

"मग कोटाला वेळ लागेल. थोरला चिल्ला उलटून गेल्यावर या."

तो शिव्यांची वाट बघत होता. मास्तरांनी टोपीवरचा बर्फ झटकला. "तसं बघता शाळा बर्फानं बंदच आहे. कोट घालून मी जाणार कुठे? कोट हवा असं मला वाटत होतं खरं, पण ते तुम्ही 'परवा देतो' म्हणालात म्हणून. तुम्ही 'परवा' म्हणालात की आम्हालाही घाई सुटते, उस्ता. गावभर सुटते." आणि खाली वाकून त्यांनी एका बाजूचा पाय धरला. लांब पाय निघाला, ठक् करून टेबल एका कोपऱ्यावर बसलं. मग दुसरा. चौथा निघाला तेव्हा कोर्सी जमिनीवर आपल्या जुन्या उंचीला आली, आणि हेशमतला वाटलं, कोणीतरी दमून श्वास सोडला. स्वतःचाच असावा. मास्तर तर दारात उभे राहून विचारत होते, घरी आपलीही कोर्सी माळ्यावर पडली आहे, तिला घुशींनी खाल्लं असेल का.

कोर्सी घरी आली, आणि शुक्रवारी दुपारी गल्लीतून एक टेकडी चालत आली. टेकडीला खाली दोन पाय होते आणि ती शिट्टी वाजवत होती. ती दारात अडकली, तिरकी झाली, पुन्हा अडकली, आणि शेवटी आतून तूबानं ओढलं नि बाहेरून मुनव्वर खालेनं काठीनं ढोसलं तेव्हा फटकन आत पडली. दुलईच्या खालून कुद्रतचं डोकं निघालं, पिकलेल्या मिशांचं, लाल नाकाचं.

"सलाम उस्ता," तो म्हणाला. "तुझं आश कसं झालं होतं? मीठ बरोबर होतं ना?"

"मनुका जरा जास्त झाली, दादा," हेशमत म्हणाला. एवढंच. तीन-चार हिवाळ्यांत त्यानं मनात या भेटीसाठी पुष्कळ वाक्यं कापून ठेवली होती, आणि ती सगळी डाव्या बाहीची निघाली. दोघांनी दुलईची टोकं धरली आणि कोर्सीवर पसरली. ती बरोब्बर बसली, जिथे तिचा कापूस वर्षानुवर्षं घडी घेत होता तिथेच घडी घेऊन, जणू मधले हिवाळे कोणी उसवून टाकले होते. तूबानं अंगणात चांगले फुलवून घेतलेले निखारे राखेखाली दडपून शेगडी आत सरकवली. खाला न विचारता वरच्या बाजूला, भिंतीशी, मानाच्या जागेवर बसली. आबगोश्तचं मडकं आलं, मटण आणि हरभरे मऊ झालेले, आणि खालेनं तो शोभेचा दात दाखवून सांगितलं की छान झालंय, आणखी वाढ. पाव रश्श्यात बुडाले, कांदा फुटला. हेशमतची पाठ मात्र ताठ होती. त्यानं गुडघे छातीशी घेतले होते. पाय दुलईच्या काठाशी, आत घातल्यासारखे पण न घातलेले. त्याला वाटत होतं कोणाला दिसत नाही.

"पाय आत घे रे," कुद्रत म्हणाला. "वारा येतोय."

"बसलोय की."

"तू बसलेला नाहीस. तू उकिडवा उभा आहेस."

खाला हसली, तूबा हसली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मडक्याकडे वळली. आणि मग, हरभऱ्यावर पाव ठेचता ठेचता, हेशमतच्या तोंडून ते गेलं, रश्श्याइतक्याच सहज: "दादा, बाबा असेच बसले होते त्या दिवशी. तुझ्या जागी. म्हणाले, जरा डोळे मिटतो. आणि मग..."

कुद्रतनं चमचा खाली ठेवला. त्यानं मिशा पुसल्या, एकदा डावी, एकदा उजवी.

"तुला बसलेले बाबा आठवतात," तो म्हणाला. "तू लहान होतास. मला उभे आठवतात. त्या वर्षी छावणीतून दुलयांचं मोठं काम आलं होतं. थोरला चिल्ला गेला, धाकटा आला, ते उभेच. आई म्हणायची, या, पाय शेकून घ्या. ते म्हणायचे, एवढं उरकतो आणि बसतो. आम्ही इथे त्यांच्याच दुलईत बसायचो आणि त्यांचे पाय बघायचो, दुकानाच्या फळीखालून दिसायचे तेवढे, उभे, सुजलेले. अख्ख्या हिवाळ्यात त्या दुपारी ते पहिल्यांदा बसले, हेशमत. बसल्यामुळे गेले नाहीत रे ते. बसायला उशिरा आले."

बाहेर छपरावरून बर्फाचा एक लोंढा अंगणात पडला, धप्प. हेशमतच्या मनात ते पाय पुन्हा आले, पण या वेळी जरा लांबून, फळीखाली, उभे. त्याला ते कधीच दिसले नव्हते आणि आता ते त्याला आयुष्यभर दिसत आल्यासारखे वाटले. म्हणजे पोराच्या पायाखाली जे गरम पाय असायचे, ते आदल्या हिवाळ्यांतले. आणि त्या हिवाळ्यांत बाबा बसत होते. कावळ्याची सावली सांगत, रोज, तासन् तास बसत होते, आणि रोज उठतही होते. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतक्या वेळा उठलेले बाबा तो विसरला होता, एकदा न उठलेल्या बाबांपायी.

"आणि बसल्यावर तो काय म्हणाला ते तुम्ही कोणी ऐकलं नाही," मुनव्वर खाला बोटं चाटत म्हणाली. "डोळे मिटतो ते नंतर. आधी पाय आत घातले, दुलई छातीपर्यंत ओढली, आणि म्हणाला, 'च्यायला, मुनव्वर... हे चांगलं आहे की!' स्वतःच शिवलेली दुलई, आणि गिऱ्हाइकासारखं तोंड केलं होतं. मी म्हटलं, मेल्या, तू गावाला विकतोस ते काय वाईट होतं?"

आधी कुद्रत हसला, मग तूबा, आणि मग हेशमत असा हसला की त्याच्या गुडघ्यांतली कडी निखळली आणि पाय आपोआप सरळ झाले, दुलईच्या अंधारात, धगीत, आत. तिथे ते गाव अजून होतं. तूबाचे लोकरी मोजे. खालेची काठीसारखी नडगी. आणि समोरून दोन टाचा आल्या, बर्फाच्या, साठीच्या जवळ पोचलेल्या, आणि चोरासारख्या त्याच्या पोटऱ्यांना चिकटल्या. वर कुद्रत अगदी गंभीर चेहऱ्यानं डाळिंब सोलत होता.

"दादा, टाचा काढ."

"कुठल्या टाचा?"

"लाथ मारीन हं."

"खाला, बघ, पाहुण्याला लाथ मारतो म्हणतो."

हेशमतनं लाथ मारली नाही. पायाच्या तळव्यांत धग चढत होती, घोट्यांवरून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून कमरेत, जशी कल्हई भांड्याच्या अंगावर पसरते तशी, चकाकत, हळूहळू, एकेक कोपरा भरत. अंगठ्याला मुंग्या आल्या. आधी त्याला ते भीतीदायक वाटलं, मग कळलं की अंगठा परत येतोय, मुंग्या मुंग्या होऊन, लांबच्या प्रवासाहून आल्यासारखा. कुद्रत काहीतरी सांगत होता, एका वर्षीच्या थंडीबद्दल, इतकी थंडी की लोकांनी घड्याळांनाही दुलया शिवायला टाकल्या, आणि घड्याळं आत इतकी सुखात राहिली की नवरोज वीस दिवस उशिरा आला आणि कोणाला पत्ता लागला नाही. खोटं, हेशमतला वाटलं, वीस नाही, पंचवीस तरी असतील. नवरोज उशिरा आला तर कोटाला वेळ मिळेल. उजवी बाही कशी कापायची हे त्याला एकदम स्वच्छ दिसलं, कापडाच्या आडव्या धाग्यावर, किंचित तिरकी, म्हणजे मास्तरांना फळ्यावर हात उंच करताना काखेत ओढणार नाही. इतकी सोपी गोष्ट त्याला गेल्या कित्येक कोटांत सुचली नव्हती. ती आत्ता उठून लिहून ठेवावी असं काही त्याला वाटलं नाही. ती कुठे जात नव्हती. "जरा डोळे," तो म्हणाला, आणि वाक्याचं उरलेलं कापड त्याच्या हातून सुटलं.

तो घोरला, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. बीटवाला तर म्हणायचा, त्या घोरण्यानं समोरच्या छपरावरचा बर्फ उतरला आणि त्याची झाडायची मेहनत वाचली.

जाग आली तेव्हा खिडकीत निळसर उजेड होता, बर्फातून गाळून आलेला. तो उठला होता. ही गोष्ट त्यानं आधी पायांनी तपासून पाहिली: बोटं हलत होती, समोरच्या टाचा अजून तिथेच होत्या, पण आता त्या गार नव्हत्या. कुद्रत तोंड उघडं टाकून झोपला होता, मिशीत डाळिंबाचा दाणा अडकलेला. मुनव्वर खाला बसल्या बसल्या भिंतीला टेकली होती, आणि झोपेतसुद्धा ती कुठेतरी हळूहळू चालल्यासारखी वाटत होती. तूबानं गाल दुलईवर टेकला होता. राखेखाली निखारा होता, दिसत नव्हता, पण होता. बाहेर पुन्हा बर्फ सुरू झाला होता.

त्याच्या समोर, कोर्सीच्या मधोमध, तांब्याचं पोचा पडलेलं भांडं ठेवलेलं होतं. झाकलेलं.

त्यात त्याच्या वाटणीचं आबगोश्त असेल, कोणीतरी काढून ठेवलेलं. किंवा बर्फ असेल. पहिला बर्फ केव्हाच होऊन गेला होता, पण दादाचा काय भरवसा. त्याचा हात सवयीनं झाकणाकडे गेला, झाकणावर टेकला. धातू ना गरम होता ना गार. आत काय असेल ते असो, ते तिथेच असणार होतं, आणि तोही. हात तसाच झाकणावर ठेवून त्यानं दुलई दुसऱ्या हातानं छातीपर्यंत ओढली, टाचांवर आपले पाय चढवले आणि पुन्हा डोळे मिटले.